खळ्यापर्यंत न पोचलेलं पीक

मंठाळच्या शिवारात त्रेपन्न साली नरसिंह नावाचा एक सरकारी तरुण रोज सकाळी एका बाईच्या मागं मागं फिरे आणि विचारी, "अक्का, किती तोडली?"

बाई म्हणे, "खाण्यापुरती."

"म्हणजे किती?"

"पुरण्यापुरती."

"अहो पण किती माणसांना पुरण्यापुरती?"

"जितके जेवायला बसतील तितक्यांना. कामून विचारायलास? तुला जेवायचंय का?"

इथं नरसिंह वही मिटी, टोपी काढून डोकं खाजवी आणि बांधावर बसे. बाई, म्हणजे नागूअक्का, अंबाडीचा पाला लुगड्याच्या ओच्यात भरून घराकडं चालू लागे. वहीतला त्या दिवसाचा रकाना कोरा राही. असे कोरे रकाने त्याच्याकडं दोन हंगामांचे साठले होते.

नरसिंह कल्याणीचा. हेच पुढं बसवकल्याण झालं. वडील तिथल्या शाळेत गणित शिकवत, त्यामुळं लोकांची देवावर असते तशी त्याची आकड्यांवर श्रद्धा. शेतकीची पदवी घेऊन तो खात्यात लागला तेव्हा निजाम जाऊन चार वर्षं झाली होती. कचेरीतले कागद उर्दूतून इंग्रजीत आले होते. मंठाळकर मात्र त्याला 'जराअतवाले'च म्हणत. जराअत म्हणजे शेती. दिवसभर चिखलात उभं राहणारे लोक, स्वच्छ धोतर नेसून बांधावर बसणाऱ्या माणसाला शेतीवाले म्हणत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

खात्यानं त्याच्यावर सोपवलेलं काम कागदावर अगदी सोपं होतं. नागूअक्काचा नवरा अंकुशराव यांच्या रानात एक-एक एकराचे दोन तुकडे आखायचे. एकात निव्वळ ज्वारी पेरायची, खात्याची, निवडक बियाण्याची. दुसऱ्यात इथले लोक बापजाद्यांपासून पेरत आले तशी मिसळ: ज्वारी, मधून मधून तूर, आणि तिफणीच्या चाड्यात मूठ मूठ मूग, उडीद, अंबाडी, तीळ, चवळी, शिवाय कडेनं चार वाळकं. दोन्ही तुकड्यांचं धान्य खळ्यावर तोलायचं. ज्याचं जास्त भरेल ती पद्धत चांगली. आणि निव्वळ ज्वारी जिंकली, तर पुढं कल्याणी तालुक्यात सरकारी बियाणं फक्त निव्वळ ज्वारी पेरणाऱ्यालाच मिळायचं, असं वरून ठरलेलं.

पहिल्या हंगामात निव्वळ ज्वारी भरली आठ मण बारा शेर. मिसळीच्या तुकड्यातलं सगळं मिळून साडेसहा मण. खातं खूश झालं. एकटा नरसिंह खूश नव्हता, कारण त्यानं ते रान आषाढापासून पाहिलं होतं. निव्वळ ज्वारीचा तुकडा चार महिने शिस्तीत उभा राहिला आणि एके दिवशी कापला गेला. मिसळीच्या तुकड्यात मात्र एक दिवस सुना गेला नाही. श्रावणात नागूअक्का अंबाडी खुडायलीय. भादव्यात मुगाच्या शेंगा तोडायलीय. मग चवळी, मग उडीद, मग वाळकं. त्यातली अर्धी तर तिथंच बसून मीठ लावून खायलीय. ते रान म्हणजे अक्काची चूल पेटण्याआधीची अर्धी चूल होती. खळ्यावर पोचलं ते घरातल्या माणसांच्या, सासरी गेलेल्या लेकींच्या, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या तावडीतून सुटलेलं तेवढंच. धावण्याच्या शर्यतीत वाटेतल्या प्रत्येकाला थोडं थोडं पाणी पाजत आलेल्या माणसाला हरलेला ठरवावं, तसा हा निकाल होता.

म्हणून दुसऱ्या हंगामात त्यानं ठरवलं, की रानातून जे जे तोडलं जाईल ते ते आधी तोलायचं. त्यानं कल्याणीहून हातात धरायचा एक छान ताणकाटा आणला. अक्कापुढं धरला. अक्का दोन पावलं मागं सरली.

"हे न्हाई चालायचं."

"का, अक्का? नुसतं आकड्याला अडकवायचं अन् सांगायचं."

"उभ्या रानातलं तोलायचं न्हाई. रास पडली की तोल, मोज, काय करायचं ते कर. उभं पीक तोललं की बरकत जाती. माझी सासू सांगायची."

"सासूबाई कधी वारल्या?"

"झाली की पंधरा वर्सं."

"मग त्यांना कसं कळणार?"

अक्कानं त्याच्याकडं अशा काही नजरेनं पाहिलं की नरसिंहाला आपण एक नव्हे, दोन सासवांचा, वारलेल्या आणि समोर उभ्या असलेल्या, अपमान केल्यासारखं झालं.

तो अंकुशरावांकडं गेला. अंकुशराव लिंबाखाली बैलाच्या गळ्यातलं घुंगरू ओवत बसले होते. माणूस शांत, कारण घरात बोलायची सगळी जागा अक्कानं व्यापलेली.

"तुम्ही सांगून बघा ना, मालक," नरसिंह म्हणाला.

अंकुशरावांनी घुंगरू खाली ठेवलं. "जराअतवाले," ते म्हणाले, "लग्नाला बत्तीस वर्सं झाली. अजून एक बी गोष्ट सांगून बगितली न्हाई. आता ह्या वयात सुरू करू?"

मग नरसिंहानं ओचे मोजायला सुरुवात केली. एक ओचा म्हणजे सुमारे दीड शेर, असं त्यानं अदमासानं धरलं. पण अक्काचा ओचा पाहुणे आले की फुगे, भावजय आली की आटे, आणि एकादशीला तर तळहाताएवढा होई. त्यानं काट्याची झुडपं लावून रानाला कुंपण केलं. पण वाटेवरच्या रानात बसून पोटभर खाल्लं तर ती चोरी नव्हे, बांधून नेलं तर चोरी, असा इथला जुना कायदा. त्यामुळं वाटसरूंनी कुंपण बाजूला सारलं, पोटभर खाल्लं आणि जाताना कुंपण पुन्हा नीट लावून दिलं. एकानं तर नरसिंहाला हाक मारून सांगितलं, "साहेब, कुंपण लई बेस केलाव. गुरं येत न्हाईत आता."

त्याच दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस हैद्राबादहून पाहणीला वीरभद्रप्पा साहेब यायचे होते. गुलबर्ग्याकडचे, घरी कन्नड, कचेरीत इंग्रजी, मराठी अगदी मोजून मापून बोलणारे. त्यांनी पाहणीची जी तारीख कळवली ती पाहून नरसिंहाला घाम फुटला. नेमकी येळवस.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी या मुलखात गावात माणूस नसतो, सगळे रानात. कडब्याची खोप करतात, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडतात, पूजा करतात, रानाच्या चारी बाजूंनी आंबील शिंपडतात आणि मग जेवतात. जेवण म्हणजे भज्जी: हिरवी तूर, हरभरा, पावटा, हिरवे पाले, ज्याच्या रानात जे असेल ते सगळं एका हंड्यात. वर बाजरीचे उंडे आणि मडकंभर आंबील. आणि येळवशीला जो कुणी रानावरून जाईल त्याला उपाशी जाऊ द्यायचं नाही. ओळखीचा असो, नसो, वैरी असो. हैद्राबादच्या कचेरीतल्या सुट्ट्यांच्या यादीत मात्र हा सण नव्हता.

नरसिंह आदल्या दिवशी अक्काकडं धावला. "अक्का, उद्या साहेब येणार. उद्या तरी मिसळीच्या तुकड्यातली तूर तोडू नका. झाडावर शेंगा दिसल्या पाहिजेत!"

"बरं," अक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता साहेबांची बैलगाडी रानाशी थांबली. मिसळीच्या तुकड्याच्या ऐन मध्यावर खोप उभी होती. भोवती चाळीस-पन्नास माणसं बसली होती. हंडा रटरटत होता. आणि तुरीची झाडं कमरेपर्यंत अशी उघडी झाली होती, जणू त्यांच्यावरून टोळधाड गेली होती.

"अक्का! तुम्ही बरं म्हणाला होता!"

"मनलं की. खालच्या फांद्यांच्याच तोडल्या. वरच्या ठेवल्या तुझ्या साहेबाला बगायला."

वीरभद्रप्पा साहेबांनी चष्मा पुसला. "हे मजूर कोणत्या कामावर आहेत?" त्यांनी विचारलं.

नरसिंहानं तोंड उघडलं, पण अक्का आधीच पुढं झाली होती. "बसा अप्पा. उन्हातून आलाव. आदी चार घास खावा, मग काय बगायचं ते बगा."

"आम्ही तपासणीला आलो आहोत, बाई."

"तपासा की. उपाशीपोटी काय दिसतंय माणसाला?"

साहेब बसले. पहिला घास त्यांनी शिष्टाचार म्हणून घेतला. दुसरा मात्र चवीनं. मग त्यांनी कोटाची बटणं सोडली. भज्जी तीन वेळा घेतली, उंडे चार खाल्ले, आंबिलीचा दुसरा तांब्या रिकामा केला आणि कन्नडमध्ये अक्काला काहीतरी बोलले. त्यावर अक्का हसून लाजली. नंतर ते बाभळीच्या सावलीत आडवे झाले. नरसिंह वही हातात धरून त्यांच्या घोरण्याच्या शेजारी दीड तास उभा राहिला.

उठल्यावर साहेबांनी रान पाहिलं, झाडं मोजली आणि उभ्या उभ्या शेरा लिहिला. नरसिंहानं तो दोनदा वाचला. शेऱ्याचा आशय असा होता: मिश्र तुकड्यात चोरीचं प्रमाण फार आहे, उत्पन्न कमी, निव्वळ ज्वारीची शिफारस.

आपल्या नोकरीत नरसिंहानं साहेबाला उलट प्रश्न विचारलेला नव्हता. कुठल्याच साहेबाला नाही. त्या दिवशी मात्र दोन वर्षांचे कोरे रकाने त्याच्या गळ्याशी आले.

"साहेब," तो म्हणाला, "आपण आता जेवलात त्या तुरीच्या शेंगा याच तुकड्यातल्या. त्या चोरीत धरू का?"

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. मग हंड्याकडं.

"चोरी नाही," ते म्हणाले. "ते आम्हाला वाढलं आहे."

"रोजच वाढतात, साहेब. याला, त्याला, घरच्यांना. तेच तर उत्पन्न आहे. फक्त ते खळ्यापर्यंत पोचत नाही."

"मग आकडा दाखवा."

"तोच तर नाही ना!" नरसिंह जवळजवळ ओरडलाच.

साहेबांनी शेरा खोडला. "एक हंगाम आणखी देतो. या तुकड्यातून जे बाहेर जाईल त्या सगळ्याचं वजन मला पाहिजे. अंदाज चालणार नाही, ओचे चालणार नाहीत. नाही मिळालं तर पुढच्या साली निव्वळ ज्वारी." आणि गाडीत चढता चढता, कुणी ऐकत नाही असं पाहून, त्यांनी अक्काकडून उरलेल्या भज्जीचं एक गाडगं बरोबर घेतलं. हेही तोललं गेलं नाही.

त्या संध्याकाळी नरसिंह अक्काच्या ओसरीवर येऊन बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. आधी रागानं, मग विनवणीनं, मग नुसतंच. अक्का जात्याजवळ बसून ऐकत होती.

"मंजे पुढच्या साली सरकारी बी पायजे तर नुसती जवारी?"

"हो."

"मग भाजी कशाची करू? कागदाची?"

"मला विचारू नका! मी अख्खा हंगाम तेच सांगतोय, एकदा तोलू द्या, एकदा!"

"आवाज खाली कर, नरसप्पा. तोलायचं न्हाई मंजे न्हाई." ती उठून आत गेली. नरसिंह टोपी घालून निघाला, तो कुंभारवाड्याच्या वळणावर पोचेतो मागून तिची हाक आली.

"अरे, पाला तोलायचा न्हाई असं सासू मनायची. माणूस तोलायचा न्हाई असं कुठं मनली?"

"म्हणजे?"

"मंजे मला तोल. रानात जाताना तोल, रानातून येताना तोल. ओच्यात काय हाय ते तू बगायचं न्हाई, मी सांगायची न्हाई. पोटात काय हाय ते बी त्यातच आलं."

नरसिंह रस्त्यातच उभा राहिला. पदवीच्या तीन वर्षांत त्याला असा उपाय कुणी शिकवला नव्हता. तो मोठ्यानं हसायला लागला, आणि त्याला शहाण्यासारखं थांबायला बराच वेळ लागला.

गावातल्या अमृतप्पा आडत्याकडं साखळ्यांचा एक भला मोठा तराजू होता, भुईमुगाची पोती तोलायचा. पुढच्या मृगानंतर तो अंकुशरावांच्या रानाच्या तोंडाशी तीन बल्ल्यांच्या तिवईला टांगला. अक्कानं पहिल्या दिवशी पारड्यांना हळदकुंकू लावलं. मग एक अट घातली, आणि ती अशी होती की पुन्हा नरसिंहानं कपाळाला हात लावला.

"माझं वजन कुणाला कळता कामा नये. तुला बी न्हाई. अन् ह्यांना तर मुळीच न्हाई."

ह्यांना, म्हणजे अंकुशरावांना, ते जाणून घ्यायची काही घाई नव्हती. पण ते मुकाट्यानं पाठ फिरवून बसले.

शेवटी तोडगा निघाला. सकाळी अक्का एका पारड्यात बसे. दुसऱ्यात बांधावरचे दगड टाकत जायचे, काटा समतोल होईपर्यंत. ते दगड कुणी तोलायचे नाहीत. संध्याकाळी अक्का रानातून भरल्या ओच्यानं परत येई, पारड्यात बसे, आणि दगडांच्या पारड्यात शेराची मापं टाकायची. मापं जितकी लागतील तितकं रानातून बाहेर आलं. प्यायलेल्या पाण्यासाठी नरसिंह अर्धा शेर वजा करी. अक्काला ते पटलं नाही. "पाणी बी रानातल्याच विहिरीचं हाय," ती म्हणे. त्यावर रोज भांडण होई, आणि रोज अर्धा शेर वजा होई.

गावाला हा तमाशा आवडला. देवाची तुला होते, राजाची तुला होते, आता नागूबाईची रोज होते, म्हणत बायका पाहायला जमत. अमृतप्पाची बायको बसव्वा एकदा स्वतः पारड्यात बसून उतरलीसुद्धा, आणि उतरल्यावर दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. रानातून बाकी कुणी काही तोडायचं नाही, तोडायचं तर तोलून घ्यायचं, असा अक्काचा हुकूम. त्यामुळं वाटसरूंनी ती वाटच सोडली. फुकट वाळूक खायची सगळ्यांची तयारी होती, पण खाऊन पारड्यात बसायची कुणाची नव्हती.

चौपन्नचा हंगाम संपला तेव्हा निव्वळ ज्वारी खळ्यावर भरली आठ मण पाच शेर. मिसळ खळ्यावर सहा मण तीस शेर. आणि नागूअक्काच्या तुलेतून बाहेर आलेलं तीन मण सव्वीस शेर. एकूण दहा मण सोळा शेर. नरसिंहानं बेरीज तीन वेळा केली. चौथ्यांदा वडिलांकडून करून घेतली. मग अहवाल हैद्राबादला पाठवला आणि महिनाभर पोस्टमनची वाट पाहिली.

आलं ते पत्र तीन पानी. पहिल्या दोन पानांत साहेबांच्या कचेरीनं असं विचारलं होतं की प्रयोगाच्या साधनसामग्रीत 'नागूबाई, वय ५१' ही नोंद कोणत्या शीर्षकाखाली घेतली आहे. तिसऱ्या पानावर खरी अडचण होती. बारा सप्टेंबर रोजी सदर साधन रानात गेलं त्यापेक्षा रानातून परत आलं तेव्हा पाऊण शेरानं हलकं आढळलं. त्या दिवसाचं उत्पन्न उणे पाऊण शेर, पाणी वजा जाता उणे सव्वा. रानातून उणे उत्पन्न कसं निघू शकतं? समाधानकारक खुलासा न मिळाल्यास संपूर्ण तक्ता अग्राह्य धरण्यात येईल.

नरसिंहानं पत्र हातात घेतलं आणि सायकल मारत मंठाळ गाठलं. अक्का अंगणात कुरडया घालत होती.

"बारा सप्टेंबर! काय झालं होतं बारा सप्टेंबरला?"

"मला काय तुझ्या सप्टेंबरातलं कळतंय?"

"पोळा होऊन गेला, अन् गणपती उठले. त्यानंतरची निंदणी चालली होती. त्या दिवशी तुम्ही रिकाम्या ओच्यानं आलात. उणे सव्वा शेर! आता हा तक्ता जाणार. तीन वर्षं जाणार. सगळं जाणार!"

अक्कानं हात पुसले आणि आठवलं. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती एकटीच निंदत होती, बायका मिळाल्या नव्हत्या. ऊन कडक होतं. भाकरी बांधून न्यायची राहून गेली होती. आणि संध्याकाळी जे ओचाभर मूग तोडले ते तिनं बांधावरच शेजारच्या रानातल्या निंगप्पाच्या बाळंतीण सुनेला देऊन टाकले.

"मग सांगितलं का नाही? ते मूग तोलायला नको होते?"

"बाळंतिणीला पारड्यात बसवू?"

नरसिंह कुरडयांशेजारी उकिडवा बसला. "अहो, पण खुलासा काय लिहू? रानातून उणे सव्वा शेर निघालं, असं लिहू?"

"तसं कामून लिवतोस? सव्वा शेर रानानं माझं खाल्लं, मनून लिव्ह. ते बी खातंयच की. बाकी दिवस आपण त्याचं खातो."

नरसिंहानं कपाळावरचा घाम पुसला, कागद काढला आणि तिथंच, कुरडयांवर सावली पडणार नाही असं बसून, इंग्रजीत लिहिलं: सदर दिवशी दिवसभर निंदणी झाली, उत्पन्न परिचित बाळंतिणीस देण्यात आले, उणे वजन हे रानास दिलेले श्रम समजावे. वाचून पाहिलं. खोडण्यासाठी पेन उचललं. मग खाली ठेवलं आणि सही केली.

पंधरा दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: खुलासा मान्य, तक्ता ग्राह्य, बियाण्याची अट रद्द. खाली वीरभद्रप्पा साहेबांची सही, आणि सहीखाली वेगळ्या शाईनं, हातानं लिहिलेलं: यंदा येळवस कोणत्या तारखेस आहे ते कळवावे.

नरसिंहानं पंचांग पाहून तारीख कळवली, आणि तेव्हाच नागूअक्काला जाऊन सांगितलं, की यंदा हंडा मोठा लागेल. अक्का म्हणाली, "किती मोठा?"

"पुरण्यापुरता," नरसिंह म्हणाला, आणि स्वतःवरच इतका वैतागला की सायकलवर बसून निघूनच गेला.